चार उत्तरं

वादाच्या अंगणात रिंचेन बसली की तिच्यासमोर उभं राहायला कुणी पटकन तयार होत नसे. प्रश्न विचारणारीनं उभं राहायचं, पाय आपटायचा, टाळी वाजवायची आणि विधान फेकायचं. उत्तर देणारीनं जमिनीवर बसून चारांतलं एक उत्तर द्यायचं. मान्य. कशावरून? कारणच खोटं. आणि चौथं, व्याप्ती नाही, म्हणजे तुझं कारण खरं असेल बाई, पण त्यावरून तू म्हणतेस ते सिद्ध होत नाही. पाचवं उत्तर नाही. ‘तसं नव्हे गं’, ‘आता तुला कसं सांगू’ ही सारवासारव अंगणाबाहेर. बाहेरच्या माणसाला हा तुरुंग वाटतो. रिंचेन त्यात घरच्यासारखी वावरायची.

यांगझोम तिची जोडीदारीण. सीमेवरचे डोंगर ओलांडून या भिक्षुणींच्या मठात आली तेव्हा वयानं चांगली घोडी झाली होती आणि अक्षरओळख नव्हती. रिंचेन इथलीच, निर्वासितांच्या वसाहतीत जन्मलेली, तिच्याहून लहान. हिला शिकव, असं तिला सांगण्यात आलं. ‘‘तुझं डोकं म्हणजे टिंगमोचा शिळा पाव,’’ रिंचेन म्हणाली, ‘‘वाफ दिल्याशिवाय मऊ व्हायचं नाही.’’ आणि तिनं वर्षानुवर्षं वाफ दिली. सकाळी पोथीची पानं घोकायची, दुपारी गेनला, म्हणजे त्यांचे म्हातारे गुरुजी, अर्थ सांगायचे, संध्याकाळी त्याच अर्थावर अंगणात भांडायचं. धूर दिसला म्हणून विस्तव आहे असं कधी म्हणता येतं आणि कधी नाही, एवढ्यावर दोघींनी एक अख्खा पावसाळा घालवला. जेवताना भांडल्या, भांडी घासताना भांडल्या. पोथीतली सर्वांत मोठी पदवी तोवर फक्त भिक्षूंची होती, ती आता कुठे बायकांना खुली झाली होती. रिंचेन परीक्षेला बसणार होती. ती पहिली येईल असं गेनला तोंडानं म्हणत नसत, पण तिचं नाव निघालं की म्हातारा हसायचा.

मग तिला टीबी झाला. एका खोलीत चौघीचौघी झोपतात तिथे तो काही नवा पाहुणा नव्हे. पण रिंचेनचा टीबी साध्या गोळ्यांना जुमानेना. तिला आधी वेगळ्या खोलीत ठेवलं. थुंकीतले जंतू गेले तेव्हा बाकीच्यांत बसायची परवानगी मिळाली, पण रोजची सुई चालूच राहिली. वसाहतीच्या हॉस्पिटलातले हुबळीकडचे डॉक्टर स्पष्ट बोलणारे होते.

‘‘ही सुई जीव वाचवते आणि कान घेते. सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणांचे.’’

‘‘दुसरं औषध नाही?’’ यांगझोमनं विचारलं.

‘‘आहे. आपल्यापर्यंत आलेलं नाही.’’

परतीच्या वाटेवर रिंचेन म्हणाली, ‘‘बरंच झालं. तुझं घोरणं तरी ऐकावं लागणार नाही.’’ दोघी हसल्या. यांगझोमला नंतर त्या हसण्याचा फार राग आला.

वादाचं अंगण म्हणजे काही देवघर नाही. शंभर आन्या, मठातल्या भिक्षुणी, एकाच वेळी ओरडत असतात, टाळ्या कडाडत असतात, आणि त्या कल्लोळातून आपल्या समोरचीचा आवाज तेवढा वेचून घ्यायचा असतो. थंडी सुरू झाली तशी रिंचेन परत परत विचारू लागली. कानात कुणीतरी सारखी झांज वाजवतंय म्हणाली. एका आगाऊ पोरीनं मुद्दाम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून टाळी वाजवली, आणि रिंचेन ‘मान्य’ म्हणून बसली. ससा शिंगांनी मारतो, हे तिनं मान्य केलं होतं. ‘‘छा! छा! छा!’’ हरलेलीला लाजवायची ती आरोळी अंगणभर उठली. रिंचेनही हसली. त्यानंतर ती दोन दिवस खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

नवं वर्ष झालं आणि तिचे कान बिघडायचे थांबले. जेवढं गेलं तेवढं गेलं, पण पुढे जाईना. प्रार्थना फळली म्हणून मठभर आनंद झाला. यांगझोमनं लोण्याचे दिवे लावले. रिंचेन पुन्हा अंगणात सगळ्यांना लोळवू लागली.

अशाच एका संध्याकाळी यांगझोम तिच्यासमोर उभी राहिली आणि पाय आपटायचं विसरून गेली. रिंचेन सरळ मांडी घालून बसली होती. सुया कमरेखाली घेऊन घेऊन तिथे गाठी आल्या होत्या; थंडीभर ती एका अंगावर कलून, खाली घोंगडी घेऊन बसायची, उठताना कण्हायची. आज घोंगडी नव्हती. किती दिवस नव्हती, तेही यांगझोमला आठवेना. तिला येत असलेल्या एकाच रीतीनं तिनं ते विचारलं.

टाळी वाजवली. ‘‘रिंचेन सुई घेत नाही! कारण ती सरळ बसली आहे!’’

शेजारच्या दोघी खिदळल्या. त्यांना गंमत वाटली.

‘‘व्याप्ती नाही,’’ रिंचेन म्हणाली.

‘‘तुझ्या गाठी जिरल्या आहेत!’’

‘‘मान्य.’’

‘‘गाठी सुयांमुळे येतात!’’

‘‘मान्य.’’

‘‘म्हणजे रोज नवी सुई टोचत असूनही गाठी जिरतात!’’

रिंचेनला इथे ‘मान्य’ म्हणता आलं असतं. वाटेल ती खोटी बाजू धरून ती भल्याभल्यांना रडवायची. पण ती खाली बघत राहिली. आता ‘छा’ म्हणायची पाळी यांगझोमची होती. तिनं रिंचेनचा दंड धरून तिला उठवलं.

स्वयंपाकघरामागे, मोरीपाशी, रिंचेननं सगळं सांगून टाकलं. हॉस्पिटलात सांगायचं की मठातली आनी सुई देते, बाटल्या घेऊन यायचं. मठात सांगायचं की हॉस्पिटलातच देतात.

‘‘आणि बाटल्या?’’

‘‘मक्यात पुरल्या. परीक्षेपर्यंत फक्त. मग चाळणी करा माझी.’’

‘‘परीक्षेपर्यंत जगलीस तर ना, गाढवे!’’

‘‘कारणच खोटं,’’ रिंचेन म्हणाली. कुणीच हसलं नाही. मग ती हळू आवाजात बोलू लागली. ‘‘मला दुसरं काय येतं गं? टिंगमो केलं तर दगड होतो. शिवण येत नाही. समोरची बोलते, मी ऐकते, मी उत्तर देते. ते गेलं तर मी कोण?’’

पोथीत त्याचं उत्तर होतं. कितीही शोधलं तरी ‘मी’ कुठेच सापडत नाही, हे दोघींनी मिळून सिद्ध केलं होतं, आणि सिद्ध झालं त्या दिवशी आनंदानं चहा प्यायल्या होत्या. खरकट्या पाण्याच्या मोरीपाशी उभं राहून ते सांगायची यांगझोमला लाज वाटली.

‘‘कुणाला बोलणार नाहीस तू,’’ रिंचेन म्हणाली.

यांगझोमनं ना हो म्हटलं ना नाही. काही दिवस तिनं तोंड शिवून ठेवलं. मग एका सकाळी प्रार्थनेला जाताना रिंचेन पायऱ्यांच्या मधोमध थांबली, कठड्याला धरून उभी राहिली, आणि मागून येणाऱ्या म्हाताऱ्या आन्या तिला ओलांडून वर गेल्या. त्याच दुपारी यांगझोम गेनलांच्या खोलीत गेली.

गेनलांनी सगळं ऐकून घेतलं. ‘‘तिनं सांगितलं तुला, की तू शोधून काढलंस?’’

‘‘शोधून काढलं, गेनला.’’

‘‘मग चांगली शिकलीस,’’ ते म्हणाले आणि उपरणं तोंडावर ओढून घेतलं.

शिक्षा कुणालाच झाली नाही. मठानं एवढंच ठरवलं की रोज कुणीतरी रिंचेनसोबत हॉस्पिटलात जायचं आणि सुई टोचलेली डोळ्यांनी बघून यायचं. ते काम यांगझोमकडे आलं. दुसरं कुणी ते घेणारही नव्हतं. मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यानं रिंचेन पुढे चालायची आणि मागे वळून न बघता सांगायची. ‘‘कुकरची शिट्टी गेली. ऐकलंस का?’’ काही दिवसांनी, ‘‘आज बेडूक गेले.’’ मग, ‘‘घंटा गेली. छोटी. मोठी अजून छातीत कळते.’’ यांगझोमला कान झाकून घ्यावेसे वाटायचे, आणि असं वाटलं म्हणून स्वतःचीच घृणा यायची. मग रिंचेननं सांगणं बंद केलं. शेवटी काय गेलं ते यांगझोमला कधी कळलं नाही. आपला आवाज असावा, असं तिला वाटे.

परीक्षेला यांगझोम गेली. परीक्षकांपुढे तिनं जी जी उत्तरं दिली ती रिंचेननं तिच्या डोक्यात घातलेली होती. ती पास झाली. परत आली तेव्हा रिंचेनच्या गालांवर मांस चढलं होतं, फोटोत छाती स्वच्छ आली होती, आणि डॉक्टर हात हलवून हलवून अभिनंदन करत होते. रिंचेन त्यांच्या ओठांकडे बघत होती. मठात तिला कोबी चिरायचं काम मिळालं. पोथी ती एकटी वाचायची, पण वाचून जे सुचेल ते कुणाकडे नेणार? कुणी समोर उभं राहिल्याशिवाय तिला विचार करता येत नसे. तिला तशी कधी सवयच नव्हती.

एका संध्याकाळी ती कोबीच्या हातांनीच अंगणात आली आणि आपल्या जुन्या जागेवर बसली. भोवतीच्या आन्या दुसरीकडे सरकल्या. बहिरीशी वाद घालायचा कसा, हे कुणालाच कळेना. यांगझोम जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. मुद्दा तिनं ठरवला होता, पोथीतलाच, सोपा. पण टाळी वाजवली आणि तोंडून दुसरंच आलं, तेही इतकं हळू की तिचं तिलाच जेमतेम ऐकू गेलं.

‘‘मोठ्यानं!’’ रिंचेन ओरडली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसलेल्या माणसाचा तो आवाज होता. ‘‘आणि तोंड नीट उघड!’’

यांगझोमनं पुन्हा पाय आपटला. पुन्हा टाळी वाजवली.

‘‘रिंचेननं मला माफ केलं आहे!’’

आजूबाजूच्या टाळ्या एकेक करून थांबल्या. गेनला व्हरांड्यात उठून उभे राहिले.

‘‘कशावरून?’’ रिंचेननं विचारलं.

कारण तर द्यायलाच हवं होतं. यांगझोमनं तोंड मोठं उघडून, एकेक शब्द तोडून म्हटलं, ‘‘कारण ती जिवंत आहे.’’

रिंचेन तिच्या ओठांकडे बघत राहिली. तिला सगळं समजलं होतं.

‘‘व्याप्ती नाही,’’ ती अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नासाठी मान वर करून थांबली.