चढावरचं इंजिन

आप्पांनी बोटाला पांढरा कपडा गुंडाळून रुळावरून फिरवला, आणि कपडा काळा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला. शिवणयंत्राचं तेल. त्या तेलाच्या कुपीला घरात त्यांच्याखेरीज कोणी हात लावत नसे.

मागच्या रविवारी, त्यांच्या वाढदिवसाला, जावयांनी हे निळं इंजिन आणलं होतं. टेबलभर मांडलेल्या आपल्या छोट्या रेल्वेवर आप्पांनी ते सगळ्यांसमोर चालवलं. सपाटीवर झोकात गेलं. पुठ्ठ्याच्या डोंगरापाशी चढ लागला तशी चाकं जागच्या जागी गरगरू लागली.

"रुबाब मोठा," आप्पा हसत म्हणाले होते, "पण चढ आला की पाय गळतात."

जावयांची नोकरी नुकतीच गेली होती. मुलीने मान खाली घातली. आपण काय बोललो ते आप्पांना जरा उशिराच ऐकू आलं.

आणि दोष इंजिनाचा नव्हताच. पाहुणे येणार, रूळ चकचकीत दिसावेत, या हौसेने आदल्या दिवशी आप्पांनीच त्यांवर तेलाचा हात फिरवला होता. त्यांचं जुनं इंजिन वजनदार, चाकांना रबरी कडी. ते तेलावरूनही कसंबसं चढायचं. हे हलकं इंजिन घसरणारच.

त्यांनी बाकीचे रूळ मुद्दामच पुसले नाहीत. कपडाही टेबलावर तसाच ठेवला. जावई आले की दाखवायचं आणि सांगून टाकायचं.

जावई आले ते काड्यापेटी खुळखुळवत.

"आप्पा, शिशाचे तुकडे आणलेत. इंजिनाच्या पोटात बसवतो. वजन वाढलं की चाकं रूळ धरतील."

"अहो, पण ते..."

"तुम्ही चहाचं बघा. मी एवढ्यात करतो."

आप्पा स्वयंपाकघरात जाऊन कपांसमोर उभे राहिले.

"काय पुटपुटताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"मग त्या कपाकडे असं बघू नका. बिचारा बशीतून पळून जाईल."

मागाहून आलेल्या मुलीची बाहेरून हाक आली. आप्पा गेले तेव्हा निळं इंजिन सगळे डबे ओढत संथपणे डोंगर चढत होतं.

"वजनच कमी होतं," जावई म्हणाले. "घेतानाच बघायला हवं होतं. माझंच चुकलं."

मुलगी हसत होती. आप्पांनी तोंड उघडलं.

"छान," एवढंच बाहेर पडलं.

सगळे चहाला आत गेल्यावर त्यांनी इंजिन उचललं. होतं तितकंच हलकं. रुळावरून बोट फिरवलं. बोट कोरडं, आणि त्याला स्पिरिटचा वास. त्यांचा कपडा आता दोन्ही बाजूंनी काळा झाला होता आणि नीट घडी करून डोंगरामागे सारलेला होता. शेजारी काड्यापेटी. त्यांनी ती हलवून पाहिली. पहिल्यासारखीच खुळखुळली.

आप्पा स्टुलावर बसले. आतून हाक आली तशी त्यांनी एका हातात काड्यापेटी आणि दुसऱ्यात कपडा घेतला.

मग आत जाऊन त्यांनी काड्यापेटी जावयांच्या कपाशेजारी ठेवली.

"हे राहिलं होतं."

जावयांचे कान लाल झाले. "असू दे ना, आप्पा," ते हळूच म्हणाले.

"काय आहे त्यात?" मुलीने विचारलं.

आप्पांनी खुर्ची ओढली. दुसऱ्या हातातला काळा कपडा त्यांनी सगळ्या कपांच्या मधोमध ठेवला.

"सांगतो," ते म्हणाले.