मी लिहिलेलं थोपटणं

मित्रांनो, दवाखान्याच्या लांब बोळातून एक चाक कुरकुरवत येणारी पेटी दिसली, तर घाबरू नका. ती मीच, जुनी ईईजी मशीन. डोक्यावर चिकटवलेल्या तारांमधून मी मेंदूच्या बारीक लहरी ऐकते आणि पडद्यावर रेघांनी लिहून दाखवते. मी सुई टोचत नाही, कडू औषध पाजत नाही. तरी मला बघून मुलं आईच्या कुशीत शिरतात. चालायचंच!

मला घडवणाऱ्यांनी किती जीव लावला म्हणून सांगू! मेंदूची लहर इतकी नाजूक, की जवळ कुणी हललं तरी तिच्यात भलतीच लाट मिसळते. त्यांनी मला पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी एक कारागीर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा बये, जे येईल ते लिही. मनचं काही घालू नकोस."

इथे आले तेव्हा माझा काय थाट होता! तारा लावणाऱ्या ताई मला रोज पुसायच्या आणि मुलांना हसवायच्या, "ये रे, तुझी तारांची वेणी घालते." पुष्कळांचे मेंदू मी वाचले, पण खारूला विसरणं शक्य नाही.

खारू म्हणजे खारूताई. कुठेही सरसर चढायची, म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव. वडील घरांना रंग द्यायचे, आई गाद्या-उशा शिवायची. साधा ताप आला आणि त्या तापात पोरीला फिट आली. ती थांबेचना. दवाखान्यात शिरेतून औषध दिलं, मग दुसरं, मग तिसरं. अखेर हातपाय शांत झाले.

"हुश्श! झोपली बघ पोर," वडील म्हणाले. आईने पांघरूण सारखं केलं.

डॉक्टरबाईंनी मात्र खारूची पापणी उचलून पाहिली. ओठाचा कोपरा किंचित उडत होता. "मला ही झोप खरी वाटत नाही. मशीन आणा."

तारा लागल्या आणि मी लिहू लागले. करवतीचे दाते असावेत तशा टोकदार रेघा, एकीखाली एक! अंग निपचित, पण मेंदूत फिट तशीच पेटलेली. बाई म्हणाल्या, "बाहेरचा गोंधळ थांबलाय, आतला नाही. नेहमीच्या औषधांना ही फिट दाद देत नाही. आता तिला औषधाने खूप गाढ झोपवावं लागेल. श्वास यंत्र देईल."

"पण उठेल ना?" आईने विचारलं.

"त्यासाठीच झोपवतेय, ताई. खात्री देत नाही. पण मी तिची पाठ सोडणार नाही."

औषध भिनत गेलं तशी करवत बोथट झाली आणि रेघा जवळजवळ सपाट झाल्या. ते पाहून वडिलांनी हंबरडाच फोडला, "गेली हो माझी पोर!"

बाईंनी त्यांना धरून पलीकडच्या पडद्याकडे वळवलं. "दादा, हृदयाची रेघ ती तिकडची. बघा कशी उड्या मारतेय! ही मेंदूची. आपणच त्याला गप्प बसवलंय."

रंगाच्या डागांची बाही डोळ्यांना लावत वडील म्हणाले, "जन्मभर भिंती सपाट करतोय, पण सपाट बघून असा कधी घाबरलो नव्हतो."

"बसा आता," आई म्हणाली, "नाहीतर शेजारची खाट तुमच्यासाठी मागावी लागेल." हसता हसता दोघंही रडली.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, तेव्हा मेंदूला सूज असल्याचं कळलं. सुजेवर उपचार सुरू झाले, फिटची औषधं जोडली गेली. मग झोपेचं औषध हळूहळू उतरवलं, पण करवत परत आली! पुन्हा गाढ झोप. त्या औषधाने खारूचा रक्तदाब सारखा पडायचा. बाईंनी आईवडिलांना स्पष्ट सांगितलं, "आणखी एकदा उतरवून बघू. या वेळीही फिट आली तर अजून खोल न्यावं लागेल, आणि तिचं शरीर थकलंय."

एका दुपारी पुन्हा औषध उतरवायला घेतलं. पलीकडच्या काचेच्या खोलीतल्या पडद्यावर बाई माझ्या रेघा बघत होत्या. छोट्या, समजूतदार लहरी येऊ लागल्या. आणि अचानक, एकामागून एक, सारख्या लयीत मोठाल्या लाटा! बाईंनी कपाळाला हात लावला. फोनवर नर्सला म्हणाल्या, "औषध वाढवायची तयारी करा. मी आलेच."

मित्रांनो, बाईंची एक रीत होती. पडदा काहीही सांगो, खाटेशी येऊन पेशंट पाहिल्याशिवाय त्या औषध वाढवत नसत. त्या आल्या. खारू निश्चल. शेजारी आई डोळे मिटून, ओठांत देवाचं नाव घेत, खारूच्या डोक्याजवळची उशी हलकेच थोपटत होती. बाईंनी हात पाहिला, मला पाहिलं. पुन्हा हात, पुन्हा मी.

"ताई, हात जरा थांबवा."

आई दचकली. "माझं काही चुकलं का?"

हात उचलला, लाट नाहीशी! मागे त्याच छोट्या, समजूतदार लहरी.

"आता पुन्हा थोपटा."

लाट आली. काय वर्णावा तो क्षण! बाई हसल्या, चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "सिस्टर, राहू दे औषध. ही फिट नाही. ही आई आहे."

त्यानंतर आई स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली. औषध उतरत गेलं, करवत फिरकली नाही. श्वासाची नळी निघाली, डोळे उघडले. खारू आधी सगळ्यांकडे नुसती बघत राहिली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, हात."

आईचा हात वर गेला आणि तिथेच थबकला. तिने बाईंकडे पाहिलं.

"एवढ्या तारा काढू द्या," बाई म्हणाल्या, "मग हवं तितकं थोपटा."

तारा निघाल्या. त्या दिवशीचं पुढचं थोपटणं मी लिहिलेलं नाही.

खारूला पुन्हा चालायला शिकावं लागलं, काही शब्द अजूनही अडतात, गोळ्या रोज घ्याव्या लागतात. पण घेते, न चुकवता.

आता नव्या मशीन आल्यात. मला क्वचितच बोलावतात. माझ्यावर कुणी डबे ठेवतं, कुणी छत्री अडकवतं. त्याचं वाईट वाटतं, पण राग नाही. मागणं एकच. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि इथे काम करणाऱ्यांनो, माझ्या तारा धुवून ठेवत जा. तारा चिकटवायचा लेप वाळून तसाच राहिला, तर पुढच्या लेकराची लहर माझ्यापर्यंत धड पोचत नाही. मग फिट कुठली आणि आईचा हात कुठला, मला काहीच लिहिता यायचं नाही. तेवढं करा. बाकी मी उभी आहेच.