फणसाची चौकट

मधुकररावांनी एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात विमानांचे सुटे भाग तपासले, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी बंगळुरात बनशंकरीच्या पलीकडे घर बांधायला काढलं, असं सुलभाताई येईल त्याला सांगत. त्यात फारसं खोटंही नव्हतं. वाळूचा ट्रक आला की हे गृहस्थ विचारणार, नदीतली चोरून उपसलेली तर नाही? विटा आल्या की, भट्टीवर राबणाऱ्यांची मुलं शाळेत जातात का? एकदा तर बस बदलत बदलत होसूरकडच्या एका वीटभट्टीवर गेले आणि ती शाळा डोळ्यांनी बघून आले. शाळा आहे, फळा मात्र फुटका आहे, अशी बातमी आणली आणि पुढच्या खेपेला नवा फळा घेऊन गेले.

कंत्राटदार रघुनंदनने कपाळाला हात लावला होता. सुलभाताई मात्र सगळं हसून घेत होत्या, कारण भिंती वर चढत होत्या. त्यांचा सगळा संसार के. आर. पुरमला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेला होता. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे. आता स्वतःचं दार होणार होतं, आणि शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या दाराची चौकट उभी करायची पूजा होती. बंगळुरात तिला वासकल पूजा म्हणतात आणि लग्नासारखी माणसं बोलावतात. चाळीस जणांना आमंत्रणं गेली होती. सुलभाताईंची थोरली बहीण प्रतिमा पुण्याहून गाडीत बसलीसुद्धा होती.

मंगळवारी सागवानाची चौकट आली. नक्षीदार, देखणी. सुलभाताईंनी तिच्यावरून हात फिरवला, तोवर मधुकररावांनी वनखात्याचा परवाना मागितला. रघुनंदन म्हणाला, येईल मागाहून. कुठल्या जंगलातलं लाकूड, कुणी तोडलं, असं विचारल्यावर तो नक्षीचं कौतुक सांगू लागला. मधुकररावांनी खिशातून खडू काढला. कारखान्यातली ही सवय सुटली नव्हती. पास झालेल्या मालावर बरोबरची खूण आणि सही, नापास मालावर फुली. त्यांनी चौकटीवर फुली मारली आणि चष्मा पुसत बसले.

त्या दिवशी सुलभाताईंनी नवऱ्याचं ताट नुसतं झाकून ठेवलं. बाकी सगळं ठीक, पण तीन दिवसांवर मुहूर्त आलेला असताना हा माणूस असा वागतो म्हणजे काय! रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुधवारी मधुकरराव बाहेर गेलेले पाहून रघुनंदन घरी आला. "मॅडम, संध्याकाळपर्यंत मी कागद करून आणतो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही सरांना द्या. त्यांना कळणार नाही."

सुलभाताईंना मोह झाला, अगदी खरा मोह झाला. एक कागद, आणि शुक्रवारी दारात चौकट. मग त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, की आपण तो कागद पुढे करू, हे चष्मा पुसतील, वाचतील आणि मान डोलावतील. साऱ्या जगावर शंका घेणारा हा माणूस बायकोच्या हातातल्या कागदावर घेणार नाही. तेच त्यांना टोचलं.

"नको," त्या म्हणाल्या. "ही घेऊन जा. दुसरी मी बघते."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते गुरुवारी सकाळी भाजी आणताना कळलं. त्यांच्या भाड्याच्या घरामागच्या गल्लीत, भजनी मंडळातल्या क्षमाक्कांचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होणार होते. क्षमाक्का रोज सकाळी समोर उभ्या राहून ते पाडकाम बघत. आज कुंपणाला टेकून त्यांच्या घराची चौकट उभी होती. काळसर पिवळी, जाड, एका बाजूला हात लागून लागून गुळगुळीत झालेली. सुलभाताई पिशवी हातात तशीच धरून थबकल्या.

त्यांनी विचारलं, तर क्षमाक्कांचा चेहरा उजळला. जुनं लाकूड घेणारा दुपारी येणार होता, पण त्याला अजून शब्द दिलेला नव्हता. "तू नेतेस तर आनंदच गं," त्या म्हणाल्या. "फक्त पहिलं पाऊल मला टाकू दे."

मधुकररावांना बोलावलं. त्यांनी चौकटीवर टकटक केली, वाळवी शोधली, वास घेतला, मापं घेतली. लाकूड उत्तम, उंची सहा इंच कमी. मग अपेक्षेप्रमाणे त्यांनी विचारलं, हे आणलं कुठून?

"आणायचं कुठून? ह्याच जागेत फणस होता," क्षमाक्का म्हणाल्या. "लग्न होऊन आले, त्या उन्हाळ्यात त्याचे गरे मी खाल्ले. मग घरासाठी मामंजींनी तोडला. कागद नाही हं, भाऊजी. गरे खाल्लेली मी आहे. सरी? चालेल ना?"

झाड तोडायची परवानगी घेतली होती का, असं विचारायला मधुकररावांनी तोंड उघडलं. सुलभाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. तोंड मिटलं.

शुक्रवारी नऊ वाजता हळदकुंकू लावून, आंब्याची पानं बांधून चौकट उभी राहिली. क्षमाक्का पुढे झाल्या. त्यांचा हात न बघता त्या गुळगुळीत जागेवर गेला, डोळे भरून आले, आणि त्या हसतच आत गेल्या. त्यांच्यामागून ताठ मानेने मधुकरराव निघाले आणि त्यांचं कपाळ वरच्या लाकडावर ठणकन आपटलं. चाळीस माणसं पोट धरून हसली. प्रतिमाताई तर खाली बसल्या. कपाळ चोळत शेवटी मधुकररावही हसले.

केसरीभात खाता खाता रघुनंदनने त्यांना बुधवारची गोष्ट सांगून टाकली. आपण कागद करून आणणार होतो आणि मॅडमनी नको म्हटलं, हे तो कौतुकानेच सांगत होता. मधुकररावांनी हातातली बशी खाली ठेवली. मग उठून सुलभाताईंपाशी आले आणि त्यांनी खिशातला खडू त्यांच्या हातात ठेवला.

"तपासणी तू केलीस," ते म्हणाले. "सही तू कर."

एकतीस वर्षांत त्यांनी तो खडू कुणाला दिला नव्हता. सुलभाताई चौकटीकडे वळल्या. चौकटीच्या आतल्या बाजूला, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यांनी बरोबरची खूण केली आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.

तीन महिन्यांनी पॉलिशवाला आला, तेव्हा त्या त्याच्यासमोर खुर्ची टाकूनच बसल्या. खडू पुसायचा नाही, त्यांनी बजावलं, वरूनच हात मार.