धुण्याचा ठेका

“घाला ना,” सिस्टर म्हणाल्या.

रुग्णालयाच्या मळक्या कपड्यांचे गठ्ठे सोडणाऱ्या बाईने कोरा रबरी हातमोजा उचलला. तिची दोन बोटं एकाच बोटात अडकली, अंगठा बाहेरच राहिला. तिने ओशाळून मालकाकडे पाहिलं.

“तुम्हाला बघून बावरली हो,” लाँड्रीचा मालक हसला. “एरवी रोज घालतात सगळ्या.”

सिस्टरांनी बाईचा हात हातात घेतला. कातडी धुण्याच्या सोड्याने सोलवटलेली, अंगठ्याच्या मुळाशी सुजलेला ठिपका.

“हे काय?”

“सुई. चादरीत असते कधीकधी. टोचतंच की.”

“आजच्या आज रक्त तपासायला या.”

“आज खाडा नाही जमायचा, सिस्टर.”

सिस्टरांचं आयुष्य वॉर्डात गेलं होतं. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांना कपड्यांच्या स्टोअरमध्ये बसवलं. पुढे धुण्याचा ठेका बाहेर गेला आणि ठेकेदार रुग्णालयाचे नियम पाळतो की नाही, हे बघणंही त्यांच्याच गळ्यात पडलं. ‘आमच्यासाठी राबणारा प्रत्येक जण आमचाच’ असं रुग्णालयाच्या दारातच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. रोज येता-जाता दिसायचं.

“हे असं चालणार नाही,” त्या मालकाला म्हणाल्या.

मालकाचं हसू मावळलं. आत जाऊन त्याने एक पत्र्याचा डबा आणला आणि त्यांच्यासमोर हलवला. आत सुया खुळखुळल्या.

“हातमोज्यांचं माझं चुकलं, मान्य. पण या सुया काय माझ्या घरच्या आहेत? तुमच्याच वॉर्डातून येतात, गुंडाळून. तुमच्या ऑफिसात सांगितलं, तर म्हणाले, झेपत नसेल तर दुसरा बघतो.”

वॉर्डातल्या नर्स मुलींना कामाचे धडे सिस्टरांनीच दिले होते.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ठेका थांबवू म्हणता? मग उद्या ऑपरेशनच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरू?”

“थांबवू नका, साहेब. त्याला हातमोजे घालायला लावा, आणि आपल्या वॉर्डांनाही जरा...”

“वॉर्डांचं कागदावर नको. तुम्ही अहवालात ‘समाधानकारक’ लिहा. मालकाला मी दम देतो.” मग आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, “यजमान वरच्याच मजल्यावर दाखल आहेत ना तुमचे? स्टाफच्या सवलतीत? जरा त्यांच्याकडे लक्ष द्या.”

ते इतकं मायेने म्हणाले, की सिस्टर तडक जिना चढून वर गेल्या.

नवरा उशीला टेकून बसला होता.

“काय झालं?”

“काही नाही.”

“तुझं काही नाही म्हणजे बरंच काही असतं.”

त्यांनी सांगितलं.

“खरं ते लिही. माझं काय, पिकलं पान.”

“गप्प बसा. म्हणे पिकलं पान!” त्या खेकसल्या, आणि त्याच्या पायांवरची चादर उगाचच नीट करू लागल्या. इकडे आड, तिकडे विहीर. आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हा माणूस झोपलेला.

त्यांनी अहवालात हातमोज्यांचं लिहिलं आणि सुयांचंही लिहिलं.

ठेका चालूच राहिला. मालकाला ताकीद मिळाली. सुयांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तपासणीचं काम ऑफिसातल्या एका गोड बोलणाऱ्या माणसाकडे गेलं. नवऱ्याच्या उपचारांच्या सवलतीचा ‘फेरविचार’ सुरू झाला. तो संपेना, म्हणून सिस्टरांना नोकरी सोडूनही जाता येईना. मालकाने सगळा राग गठ्ठे सोडणाऱ्या बाईवर काढला. सिस्टरांना हात दाखवला म्हणून तिला घरी बसवलं.

एका सकाळी तीच बाई रक्त तपासणीच्या खिडकीशी उभी दिसली.

“ठेकेदाराची चिठ्ठी आणा,” खिडकीतला कारकून सांगत होता. “तुम्ही आमच्या स्टाफमध्ये येत नाही.”

“माझ्या नावावर घ्या,” सिस्टर मागून म्हणाल्या.

“कोण लागतात या तुमच्या?”

“कोणी नाही हो,” बाईच घाईघाईने म्हणाली. “आधीच माझ्यापायी यांना खूप झालंय. जाते मी.”

सिस्टरांनी तिच्या कोपराला धरलं, आत नेलं आणि खुर्चीवर बसवलं. तिथं रक्त घेणाऱ्या मुलीने उठून जागा दिली. पुष्कळ वर्षांनी त्यांनी कोणाच्या दंडाला पट्टा बांधला.

“मूठ आवळा.”

बाईने मूठ आवळली. सिस्टर चष्मा सावरून वाकल्या आणि बोटाने चाचपत राहिल्या. शीर सापडायला वेळ लागत होता. दोघींपैकी कोणालाच घाई नव्हती.