ताईंना फोन द्या

बायकोचा फोन सकाळपासून वाजत होता आणि तो उचलत नव्हता. उचलून सांगणार काय?

फोन जेवणाच्या टेबलावर चार्जरला लावलेला होता. स्क्रीनवर एकामागून एक नावं येत होती, तिनेच घातलेली. चष्मेवाले. दातवाल्या बाई. गाडी शिकवणारे. फुलवाले धाकटे. गिऱ्हाइकांची खरी नावं तिने कधी घातलीच नाहीत. म्हणायची, "नाव विसरते मी, धंदा विसरत नाही."

या सगळ्यांच्या वेबसाइट त्याच्याकडे होत्या आणि आज पहाटेपासून एकही उघडत नव्हती.

तो आधी एका छापखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. छापखान्याने गाशा गुंडाळला तेव्हा त्याचे केस अर्धे पिकले होते. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? मग त्याने होस्टिंगचा धंदा काढला. म्हणजे लोकांच्या वेबसाइट ठेवायला जागा द्यायची आणि त्या दिवसरात्र चालू राहतील हे बघायचं. एक सर्व्हर भाड्याने घेतला. तो दूर कुठल्याशा थंडगार इमारतीत होता, त्याने तो डोळ्यांनी कधी पाहिलाही नव्हता. मशीनचं सगळं तो बघायचा आणि माणसांचं ती. गिऱ्हाइकाशी बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडाला कुलूप. ती मात्र शिलाई मशीन बाजूला सारून केलेल्या जागेत बसून तासतासभर बोलायची, आणि समोरचा साइट बंद आहे म्हणून भांडायला आलेला असला तरी हसत फोन ठेवायचा. बहिणीची ती ताई होतीच, आता सगळ्या गिऱ्हाइकांचीही ताई झाली.

धंद्याला वर्ष व्हायच्या आत ती गेली. आजार कळला आणि ती गेली. मध्ये फारसं काही नव्हतंच.

गिऱ्हाइकांना त्याने सांगितलं नाही. लपवायचं असं ठरवलं नव्हतं. आलेगेलेले नातेवाईक आपापल्या घरी परतले आणि घर रिकामं झालं, तेव्हा तो कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. मदतीसाठीच्या खात्यात दातवाल्या बाईंची मेल पडली होती. "ताई, पासवर्ड पुन्हा विसरले. हसू नका." त्याने पासवर्ड बदलून दिला. खाली बायकोची सही आपोआप येत होती ती पुसायला हात गेला आणि थांबला. उलट त्याने वर एक शब्द टाकला, "हसतेय."

तिथून ते सुरू झालं. बघते, कळवते, काळजी करू नका, झालं बघा. फोन आला की वाजू द्यायचा आणि मेल टाकायची, घसा बसलाय, इथेच लिहा. गाडी शिकवणाऱ्याने गुळण्या करायला सांगितल्या. त्याने "करते" म्हणून उत्तर दिलं. दिवसातला तेवढाच वेळ त्याला बरा जायचा.

आणि आता मेलही बंद होती, कारण धंद्याचं नावच गेलं होतं.

हे त्याला सकाळी पहिल्या तासात कळलं होतं. इंटरनेटवरचं नाव कायमचं आपलं नसतं, ते वर्षावर्षाने पुढे चालू ठेवावं लागतं. ते काम आपोआप तिच्या कार्डावरून होणार होतं. ती गेल्याचं बँकेला त्यानेच स्वतः जाऊन कळवलं होतं, शहाण्यासारखं. बँकेने कार्ड बंद केलं. नाव विकणाऱ्या कंपनीने तिच्या मेलवर इशारे पाठवले. मदतीचं खातं तो रोज उघडायचा, पण तिचं स्वतःचं खातं उघडायचा त्याला धीर झाला नव्हता. इशारे तिथे बंद पाकिटासारखे पडून राहिले आणि मुदत संपली.

सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट त्या नावाकडे बोट दाखवून उभ्या होत्या. नाव गेलं आणि सगळी बोटं हवेत राहिली. साइट सर्व्हरवर धडधाकट होत्या, फक्त तिथपर्यंत कुणी पोचू शकत नव्हतं.

त्यात आणखी एक होतं. नाव परत मिळवायचं तर कंपनीच्या खात्यात शिरायला हवं. पासवर्ड तिच्याकडे होता. नवा मागितला तर तो तिच्या मेलवर जाणार, आणि ती मेल त्याच गेलेल्या नावावर. हट्ट तिचाच होता. "आपण लोकांना सांगतो स्वतःच्या नावाची मेल वापरा, आणि आपणच दुसरीकडची वापरायची? शोभतं का?" त्याला तेव्हाही कळत होतं की ही घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यायची तऱ्हा आहे. पण ती इतकी खुशीत होती की तो बोलला नाही.

दुपारी दार वाजलं. धाकटी मेव्हणी होती. नातवंडं व्हायची वेळ आली तरी घरात सगळे तिला बेबीच म्हणत.

"भावजी, फोन उचलायला काय होतं हो? मला वाटलं तुम्हीपण..." तिने वाक्य तिथेच सोडलं. टेबलावर वाजणाऱ्या फोनकडे बघितलं. "हा ताईचा ना? अजून चालू आहे?"

त्याने सांगितलं. त्याला बोलायला वेळ लागतो हे बेबीला माहीत होतं. ती पाणी पिऊन, चपला काढून, ओटा पुसून होईपर्यंत त्याचं सांगून झालं. लोकांना काहीच कळवलेलं नाही, हेही सांगून झालं.

"म्हणजे त्यांच्या लेखी ताई आहे," बेबी म्हणाली.

"हो."

"भावजी, तुम्ही कमाल आहात. जिवंतपणी तिला दोन शब्द बोलला नाहीत आणि आता तिच्याच तोंडाने बोलताय."

त्याने चार्जरची वायर सरळ केली.

"बरं, मग आता उपाय काय?"

"एक आहे. नवं नाव घ्यायचं. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून त्यांच्या साइटचं बोट नव्या नावाकडे वळवायला सांगायचं. ते ज्याचं त्यालाच करावं लागतं."

"मग करा की!"

"ते ताईला मागतील."

बेबी खुर्ची ओढून बसली. बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "त्या कंपनीचा फोन नंबर आहे?"

"आहे. पण ते खातेदाराशिवाय कुणाशी बोलत नाहीत."

"बोलतील. मी आहे ना." तिने नजर चुकवली. "आई शेवटपर्यंत फोनवर आमच्या दोघींच्या आवाजात घोळ करायची. लावा फोन."

त्याने तिला अडवायला हवं होतं. पण फोन पुन्हा वाजायला लागला होता, आणि त्यामागे दुसरा येणार होता, आणि धंदा गेला तर या घरात तिने केलेलं काहीच चालू राहणार नव्हतं. त्याने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

पलीकडे एक तरुण, उत्साही मुलगी होती. "खातेदार स्वतः बोलताय का?"

"हो, मीच बोलतेय," बेबी म्हणाली. "बोला ना."

'बोला ना' असंच बायको म्हणायची, शेवटचा शब्द जरा लांबवून.

जन्मतारीख विचारली, बेबीने सांगितली. आईचं माहेरचं आडनाव विचारलं. दोघींची आई एकच, ते काय अवघड होतं? पहिली शाळा तीही एकच. एवढं सोपं होतं. मुलगी पलीकडे टकटक करत होती आणि बेबी त्याच्याकडे बघून भुवया उडवत होती, झालंच म्हणून.

"हं, जुळलं सगळं. आता नवीन ईमेल द्या मॅडम, त्याच्यावर पासवर्ड पाठवते. नाव अजून कुणी घेतलेलं नाही, परत मिळून जाईल." मग ती कामाबाहेरचं बोलली, चांगल्या मनाने. "आम्ही किती मेल टाकल्या तुम्हाला. एकाचंही उत्तर नाही. सगळं ठीक आहे ना?"

"हो हो," बेबी म्हणाली. "आजारी होते जरा. आता बरी आहे."

त्याने फोन हिसकावूनच घेतला.

"ती बरी नाहीये," तो म्हणाला. "वारली ती. ही तिची बहीण बोलतेय. मी नवरा."

पलीकडची टकटक थांबली. मुलगी परत बोलली तेव्हा तिचा आवाज कागदावरून वाचल्यासारखा झाला होता. दुसऱ्याने खातेदार म्हणून बोलणं नियमात बसत नाही. खातं गोठवावं लागेल. मृत्यूची आणि वारसाची कागदपत्रं पाठवा, तपासणी होईल, त्याला वेळ लागेल. तोवर नाव राहील की नाही हे सांगता येणार नाही. मग जरा थांबून, स्वतःच्या आवाजात, "सॉरी, काका."

फोन बंद झाला.

"हातातोंडाशी आलेलं घालवलंत!" बेबी ओरडली. "एक ईमेल सांगायची राहिली होती! एक! काय मिळालं तुम्हाला?"

"तू म्हणालीस बरी आहे."

"मग काय म्हणणार होते?"

"तिच्या आवाजात म्हणालीस."

बेबी पुढे काही बोलायला गेली आणि तिचं तोंड वाकडं झालं. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. तो टेबलाशी बसून राहिला. त्याला वाटत होतं की आपण तिला दुसऱ्यांदा घालवली, आणि या वेळी स्वतःच्या हाताने. आत नळ वाहत होता. बायकोच्या फोनवर नर्सबाई नाव आलं, गेलं आणि पुन्हा आलं.

नर्सबाई म्हणजे घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या बाई. कुठल्या मुलीने कुणाच्या घरी जायचं ते रोज त्यांच्या साइटवर लागायचं.

त्याने आधी नवं नाव घेतलं. पहिलं जे मोकळं मिळालं ते, चांगलं की वाईट बघितलं नाही. बाहेरच्या फुकटच्या मेलवर घेतलं. सर्व्हरवर जे बदलायचं ते बदललं. ते काम त्याच्या बोटांना येत होतं. ते संपल्यावर करायला दुसरं काही उरलं नाही, म्हणून त्याने बायकोचा फोन उचलला.

"ताई! अहो, आहात कुठे! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा!"

"मी त्यांचा नवरा बोलतोय."

"बरं बरं, ताईंना फोन द्या. माझ्या मुली रस्त्यात उभ्या आहेत हो. एक आजोबा इंजेक्शनची वाट बघत बसलेत, त्यांचा पत्ता त्या साइटशिवाय माझ्याकडे कुठेच नाही."

"ताई नाहीत."

"बाहेर गेल्यात?"

"वारल्या. दोन महिने होत आले."

पलीकडे मागे कुणीतरी बाई, बाई म्हणून हाक मारत होतं.

"पत्ते माझ्यासमोर आहेत," तो घाईने म्हणाला. "तुमची सगळी माहिती सुखरूप आहे. मी वाचतो, तुम्ही लिहून घ्या. मग साइटचं बघू."

त्याने आजचे पत्ते वाचले. जिना, मजला, बेल बिघडलेली आहे, दार ढकला, सगळं वाचलं. त्या मागे वळून मुलींना सांगत होत्या, तू इकडे, तू तिकडे. मग त्याने त्यांना त्यांच्या साइटच्या नावाच्या खात्यात शिरायला लावलं आणि साइट जिकडे बोट दाखवत होती ती जुनी दोन नावं पुसून नवी दोन घालायला लावली. एकेक अक्षर सांगितलं. इतका वेळ तो याआधी कधी कुणाशीच बोलला नव्हता, बायकोशीसुद्धा नाही.

"आता लगेच दिसेल असं नाही," तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत यायला हवी."

"हं." त्या थांबल्या. "मी मुलाबद्दल लिहिलं होतं. तो घर सोडून गेला त्याबद्दल. गेल्याच महिन्यात."

त्याला माहीत होतं. त्याने ते पत्र पुन्हापुन्हा वाचलं होतं आणि उत्तराला अख्खी सकाळ घालवली होती. भांडू नका, त्याच्या खोलीतलं काही हलवू नका, अधूनमधून नुसतं जेवलास का एवढं विचारा, असं लिहिलं होतं.

"उत्तर तुम्ही दिलंत?"

"हो."

"मी ते बाईमाणूस समजून लिहिलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं मी ते सगळं."

"चुकलं माझं."

"चांगलं होतं उत्तर," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणून तर राग येतोय." त्यांचा आवाज फाटला होता, पण त्यांनी सावरून घेतला. "महिनाअखेरपर्यंत राहते. मग दुसरीकडे जाईन. माझं जे काही आहे ते बांधून द्या."

"देतो. सगळं नीट बांधून देतो."

त्यांनी फोन ठेवला. आतला नळ बंद झाला होता आणि बेबी दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"गेल्या?"

"जातील."

"बाकीचेही जातील?"

"काही जातील." त्याला खरंच माहीत नव्हतं. सगळे गेले तर सर्व्हर सोडून द्यावा लागेल आणि मग सकाळी उठून कुठे बसायचं हेही ठरवावं लागेल. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. बेबीने न विचारता पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवला आणि शेजारच्या खुर्चीत बसली. बायकोच्या खुर्चीत नाही, शेजारच्या.

त्याने पुढचा नंबर लावला. गाडी शिकवणारे. पलीकडे इंजिन गुरगुरत होतं आणि कुणीतरी जोरजोरात ओरडत होतं.

"ताई, लवकर बोला! माझं पोरगं क्लचवरून पाय काढत नाहीये!"

"ताई नाहीत, मी त्यांचा नवरा," तो म्हणाला. "त्याला आधी गाडी बाजूला घ्यायला सांगा. मी थांबतो."