नैवेद्याआधीची पोळी

सक्सेनासाहेब एक वाजता यायचे होते, ते साडेअकरालाच आले. हॉलमध्ये बुवांचा उत्तररंग ऐन भरात होता. मी इथल्या मराठी मंडळाच्या स्वयंपाकघरात सोवळं नेसून तव्यापुढे बसले होते, आणि कान सगळे बाहेर. कीर्तन म्हटलं की माझं असंच होतं. इथे लखनौत वर्षातून एकदा, गणपतीत, महाराष्ट्रातून बुवा येतात. तेवढ्यावर मी वर्ष काढते.

सक्सेनासाहेब म्हणजे दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेल कंपनीचे अधिकारी. परदेशात खाण्याचे मेळे भरतात, देशोदेशींची माणसं तिथे जाऊन लोकांसमोर रांधतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, त्यांची कंपनी ब्रुसेल्स, झुरिक आणि ओसाका इथल्या मेळ्यांना माणसं नेणार होती. कबाबवाले लखनौचेच होते, मिठाईवाले बनारसचे. पुरणपोळी करणारी एक बाई हवी होती. मंडळाच्या स्टॉलवर त्यांनी ती एकदा खाल्ली होती. कोणी केली ते मात्र विचारलं नव्हतं.

"वहिनी, गणपतीत बोलावतो साहेबांना. तुमच्याच हातची खाऊ घालू," हेमचंद्रभाऊजी म्हणाले होते. ते मंडळाचे अध्यक्ष, आणि माझे यजमान सुधीर ज्या बँकेत आहेत तिथले मॅनेजर.

मला जायचं होतं. लपवायचं कशाला? लग्न होऊन मिरजेहून लखनौला आले, तो माझा सगळ्यात लांबचा प्रवास. अमीनाबादेत जाऊन मी एक गरम कोटसुद्धा घेऊन ठेवला होता, ह्यांना न सांगता.

तर सक्सेनासाहेब दारात उभे राहिले, बूट घातलेलेच. एक लांब श्वास घेतला.

"वाह! भाभीजी, एक गरम-गरम दे दीजिए. फ्लाइट पकडनी है."

"भाईसाहब, अभी भगवान को भोग नहीं लगा," मी म्हणाले. "बस कीर्तन संपतंय, मग आरती, की लगेच. आधा घंटा बैठिए ना. बुवा बहुत अच्छा गाते हैं."

ते हसले. "अरे, भगवान बुरा नहीं मानेंगे."

ते मानतील की नाही मला ठाऊक नाही, पण मी मानते. नैवेद्याचा स्वयंपाक मी स्वतः चाखत नाही. आमटीचं मीठ वासावर ओळखते, पुरणातला गूळ बोटांना कळतो. आईने तसं शिकवलं. जो घास देवापुढे गेला नाही तो माणसाच्या ताटात कसा वाढू?

मागून हेमचंद्रभाऊजी आले, मोठ्याने म्हणाले, "अगदी बरोबर केलंत वहिनी! मंडळाची शिस्त म्हणजे शिस्त." आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना घेऊन गेले. मला वाटलं, बसवले असतील कीर्तनाला. थांबतील. तेवढ्यात शुभदा, भाऊजींची बायको, आत आली.

"वासंती, नैवेद्याचं ताट दे गं. पाटावर नेऊन ठेवते, आरतीला घाई नको."

मी ताट वाढलं. वरण-भात, आमटी, कोशिंबीर, चार पोळ्या, तुपाची वाटी. वर तुळशीपत्र ठेवलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं.

कीर्तन संपलं. बुक्का लावून घेतला, आरतीला उभी राहिले. गणपतीपुढे पाटावर ताट होतं. वर एक पोळी अख्खी, खाली एक अर्धी, ती चौघडी करून अशी ठेवलेली की फाटलेली कड आत जावी. तुपाची वाटी अर्ध्यावर. तुळशीपत्र भातावर.

मी टाळ्या वाजवत होते. हात थांबेनात. शेजारी शैला उभी होती, मला पोळ्या लाटून देणारी, रेल्वेतल्या दयारामांची मुलगी. ती कानाशी पुटपुटली, "मावशी, शुभदाकाकू ताट लेके पहले कमिटी रूम में गई थीं. मला वाटलं तुम्हीच पाठवलंत."

समोर शंभर माणसं हात जोडून उभी होती. मग तेच ताट पातेल्यांत कालवलं गेलं आणि प्रसाद म्हणून सगळ्यांच्या पानात पडलं. म्हाताऱ्या लीलावतीबाईंनी तो डोळ्यांना लावून तोंडात घातला.

पंगत उठता उठता भाऊजींनी जाहीर केलं, की आपल्या मंडळाच्या शुभदाताई परदेशी निघाल्या. टाळ्या झाल्या. सगळ्यात आधी ह्यांनी वाजवल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतले.

मी भाऊजींना चपलांच्या कोपऱ्यात गाठलं.

"भाऊजी, त्या पोळ्या माझ्या होत्या."

"मंडळाच्या होत्या वहिनी. साहेब निघाले होते. मी म्हटलं, मिसेसने घरी केल्यात त्या खा. त्यांना आवडल्या. तुम्हीच नाही म्हणालात ना?"

"मी नैवेद्याआधी नाही म्हणाले."

"तेच ते. तुम्ही तुमचं सोवळं सांभाळलंत, मी मंडळाचं नाव सांभाळलं. कोणीतरी जातंय हे बघा."

"मग सांगा सगळ्यांना. आत्ता सांगा, कुणाच्या पोळ्या ते."

ते जरा जवळ आले. आवाज मऊ केला. "सांगतो की. पण मग हेही सांगावं लागेल, की देवाला उष्टं दाखवलं आणि तेच सगळ्यांनी खाल्लं. लीलावतीबाईंना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

लीलावतीबाई अजून पाटावरच बसल्या होत्या. उठताना कोणाचा तरी हात लागतो त्यांना. मी जाऊन हात दिला. "वासंती, आजचा प्रसाद काय गोड गं," त्या म्हणाल्या. "हो," मी म्हणाले.

घरी येताना रिक्षात हे म्हणाले, "हेमचंद्रसाहेबांशी वाद नको घालूस. पुढच्या महिन्यात प्रमोशनचं आहे."

"मी कुठे घालतेय?"

"नाही, अच्छा, म्हणजे… बरं केलंस."

आठवड्याने शुभदा शिकायला आली. नवी परात घेऊन. तिचं पुरण सैल व्हायचं, पोळी तव्यावर फुटायची, आणि ती हसायची. "यार वासंती, तुझ्या हाताला काय आहे गं?" मी कणीक तिंबून दाखवली. तेल किती मुरवायचं ते दाखवलं. तिचा हात धरून लाटणं फिरवलं, कडेला जोर, मधे नाही. हे बाहेर पेपर वाचत होते, एकच पान, बराच वेळ. तिला नीट जमेपर्यंत मी शिकवलं. पोळी चांगली होणं तर चुकीचं नव्हतं ना. परदेशात कोणी पहिल्यांदा खाईल, त्याने फुटकी का खावी?

हिवाळ्यात ती जाऊन आली. मंडळात स्लाइड्स दाखवल्या. ब्रुसेल्समध्ये बर्फ, झुरिकला तळ्याकाठी तंबू, ओसाकात लहान लहान मुली रांगेत उभ्या, हातात कागदी बशा. नऊवारीतली शुभदा, आणि तिच्या पोळीकडे बघणारे गोरे चेहरे. पोळ्या गोल होत्या. मी सगळ्यात मागे बसले होते. पोळ्यांकडे बघत राहिले.

आणि मग पुढचा गणपती आला. तेच बुवा आले. मी स्वयंपाक घेतला नव्हता, अंगात कसर आहे म्हणून सांगितलं. हॉलमध्ये पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसले. म्हटलं, ह्या वर्षी नुसतं ऐकायचं.

पूर्वरंग झाला. भक्ताची निष्ठा हा विषय. उत्तररंगाला बुवांनी उपरणं सावरलं आणि म्हणाले, "आख्यान कशाला लांबून आणू? तुमच्याच मंडळात घडलेलं सांगतो. मला अध्यक्षांनी सांगितलं."

आणि त्यांनी माझं आख्यान लावलं. कसा मोठा साहेब दारात आला, कसं सगळं जग त्याच्या हातात होतं, आणि कसं ह्या माउलीने सांगितलं, आधी माझा देव. गळा काय सुरेख लागला होता त्यांचा! पेटीवाले डोळे पुसत होते. "सातासमुद्रापलीकडचं बोलावणं सोडलं," बुवा म्हणाले, "पण नैवेद्याला उष्टं बोट लागू दिलं नाही!"

बायका माझ्याकडे वळून नमस्कार करू लागल्या. लीलावतीबाईंनी तर वाकून माझ्या पायाला हात लावला, त्या वयात. मी त्यांचे हात धरले. पलीकडे हेमचंद्रभाऊजी डोळे मिटून मान डोलवत होते. खरंच डोलवत होते. त्यांनाही आता ते असंच घडलं असं वाटत असावं. शुभदा भिंतीकडे बघत होती.

"बोला माउली," बुवांनी हात माझ्याकडे केला, "देवाला निर्मळ घास दिलात, त्याने तुम्हाला काय दिलं? सांगा ह्या सगळ्यांना!"

हॉल थांबला. शैला माझ्याकडे बघत होती. मनात आणलं असतं तर त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. लीलावतीबाईंचे हात माझ्या हातात होते, हलके.

"समाधान," मी म्हणाले.

गजर उसळला. मी टाळ सतरंजीवर ठेवला, लीलावतीबाईंना शेजारच्या बाईच्या खांद्याला टेकवलं आणि चपला घालून बाहेर आले. कीर्तनातून मधेच उठले ती जन्मात पहिल्यांदा. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ चलेंगी, माताजी?"

"बस, आगे चलिए," मी म्हणाले आणि रिक्षात बसले.