जवळचा देश की लांबचा

कानाला लावायची मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत ग्राहकसेवेचं काम ताई बघायची. हाताखालची सहा माणसं तिला ताई म्हणायची, म्हणून साहेबही तसंच म्हणू लागले होते. जिन्यालगतच्या खोलीत सहा टेबलं, सहा फोन, आणि दिवसभर एकच घोष: "आजोबा, सेल काढा. वेल नाही, सेल." ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्याशी फोनवर बोलायचं, म्हणजे घसाही दणकट हवा आणि धीरही.

एके दिवशी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं की ही सेवा देशाबाहेर द्यायचं नक्की झालंय. कुठे द्यायची ते तिने अभ्यास करून सुचवावं. पर्याय दोन होते. शेजारचा देश गाडीने अर्ध्या दिवसावर. घड्याळ तेच, भाषाही तीच, फक्त हेल वेगळा. पण खर्च इथल्यापेक्षा थोडाच कमी. दुसरा देश समुद्रापलीकडे. आपली सकाळ ती त्यांची संध्याकाळ, भाषा शाळेत शिकलेली, आणि खर्च निम्म्याहून कमी. इथेच ठेवली तर, असं तिने विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, तो प्रश्न संपलाय.

खोलीत तिने कुणाला काही सांगितलं नाही, पण अशा गोष्टी झाकून थोड्याच राहतात? सगळ्यांत जुन्या बाईंना ऑफिसात 'घंटी' म्हणत, कारण दुसरी घंटी वाजायच्या आत त्यांचा हात फोनवर असायचा. त्या ताईच्या टेबलाशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." निदान आपल्या म्हाताऱ्या ग्राहकांचे हाल तरी होऊ नयेत, एवढंच ताईने मनाशी धरलं.

तिचा कल पहिल्यापासून शेजारच्या देशाकडे होता. आपली भाषा बोलणारी माणसं ती आपली माणसं, यात अभ्यास कसला करायचा? तसा अहवाल तिने दिला. साहेबांनी तो परत पाठवला, खर्चाकडे बघा म्हणून. तिने पुन्हा तेच लिहिलं, जरा जोर देऊन. पुन्हा परत. शेवटी वैतागून तिने दोन्हीकडच्या लोकांकडून थोडे दिवस खरे कॉल घेऊन पाहायचं ठरवलं. एकदा प्रत्यक्ष दिसलं की साहेबांचं तोंड बंद होईल, असा तिचा हिशेब होता.

तिचे बाबा याच कंपनीचं मशीन वापरायचे. सुट्टीच्या दिवशी तिने त्यांनाच जेवणाच्या टेबलाशी बसवलं, एका कानातलं मशीन काढायला लावलं आणि दुसऱ्या कानाला फोन दिला. आधी शेजारच्या देशात लावला. तिथला माणूस अतिशय अदबीचा, पण बोलणं लाह्या फुटल्यासारखं. बाबांनी दोनदा "काय?" विचारलं, मग "हो, हो" म्हणून फोन ठेवला.

"कळलं का, बाबा?"

"नाही. पण बिचारा इतकं बोलला, त्याला वाईट वाटलं असतं."

मग समुद्रापलीकडे. तिथली मुलगी ओल्या फरशीवर पाऊल टाकावं तसा एकेक शब्द टाकत होती. झाकण उघडा. उघडलं? आता सेल काढा. बाबांनी सेल काढला, नवा घातला, मशीन कानात बसवलं आणि वर तिच्याकडे ऊन पडलंय का तेही विचारलं. भाषा तिची स्वतःची नव्हती, म्हणूनच ती जपून बोलत होती.

बाकीच्या ग्राहकांचंही तसंच निघालं. आपण इतके दिवस उलटी बाजू घेऊन भांडत होतो, याची ताईला चीड आली. पण साहेबांना स्वस्तातलंच हवं होतं, त्यामुळे आता तरी गाडं पुढे सरकेल असं तिला वाटलं. तिने नवा अहवाल दिला: लांबचा देश.

बैठकीत साहेबांनी सांगितलं की शेजारच्या देशाशी बोलणी पक्की झालीत. मधल्या काळात ते स्वतः समुद्रापलीकडे जाऊन आले होते आणि विमानात बसून बसून त्यांची पाठ धरली होती. शिवाय बैठकीसाठी रोज घड्याळाचं गणित कोण मांडणार? मग त्यांनी तिच्याच पहिल्या अहवालातला एक परिच्छेद मोठ्याने वाचला.

"साहेब, तेव्हा मी चुकले होते," ताई म्हणाली. "आत्ताचं तपासून लिहिलंय."

"तुमचं मत असं बदलत राहिलं, तर कंपनी कशावर चालवायची?"

"तपासायला तुम्हीच लावलंत मला."

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

जिन्यालगतची खोली रिकामी झाली. दोघांना गोदामात घेतलं, बाकीचे गेले. घंटीबाई निरोप न घेता गेल्या. मग ग्राहकांचे फोन शेजारच्या देशात जाऊ लागले आणि तक्रारी येऊ लागल्या, की फोनवरचा माणूस घाईत असतो. साहेबांनी ताईलाच तिकडे पाठवलं, सावकाश बोलायला शिकवा म्हणून.

ती बसने गेली. दालनभर माणसं कानाला फोन लावून भराभरा बोलत होती. तिने दोन तास शिकवलं. तिथल्या पर्यवेक्षक बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला एका पडद्यापाशी नेलं. "कॉल लांबला की इथे लाल दिसतं, आणि आम्हाला बोलणी बसतात. ही अट तुमच्याच साहेबांची आहे, ताई."

तिने तिथूनच साहेबांना फोन केला. ते म्हणाले, बघू, पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ.

ताईचं डोकं सणकलं. म्हणजे आणखी महिनाभर बाबांसारखी माणसं काही न कळता "हो, हो" म्हणत फोन ठेवणार. ती परत दालनात आली. "कॉल लांबू द्या," ती पर्यवेक्षक बाईंना म्हणाली. "कुणी विचारलं तर मी सांगितलं म्हणा."

"लेखी द्याल?"

तिने कागद मागितला आणि उभ्याउभ्याच लिहून सही केली. याचा जाब द्यावा लागणार, हे तिला ठाऊक होतं. मग खुर्ची ओढून ती पहिल्या टेबलाशी बसली. तिथला माणूस चाचरत, शब्द सुटे करून बोलू लागला, आणि पडद्यावर पहिला लाल ठिपका उमटला. तिने मान हलवली, चालू दे. राग मात्र तसाच धुमसत होता.